संघात राहून सजगता आणि सलोखा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही दिवस बौद्ध विहारात, म्हणजे भिक्खूंच्या संघासोबत, राहून बघायचंय किंवा श्रामणेर (भिक्खू होण्याआधीचा शिकाऊ) व्हायचा विचार चाललाय, अशा लोकांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यातले बरेचसे इथे एकत्र केलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे अवघड होत जातात. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला नंबर दिलाय. परंपरा वेगळी तशी पद्धतही वेगळी असते, त्यामुळे जिथे राहायला जाणार तिथले नियम तिथेच विचारून घ्या.

१. संघात राहून सजगतेचा सराव म्हणजे नक्की काय? दिवसभर डोळे मिटून बसायचं असतं का?

नाही. बसून ध्यान असतंच, पण ते दिवसातले काही तास. बाकी सगळा वेळ चालणं, जेवणं, झाडणं, भांडी घासणं, चीवर (भिक्खूचं वस्त्र) धुणं, बोलणं, ऐकणं यात जातो आणि सराव तिथेही चालूच असतो. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या सजगतेवरच्या उपदेशात, सरळ यादी दिलीय: पुढे जाताना, मागे येताना, बघताना, हातपाय आखडताना पसरताना, चीवर आणि भिक्षापात्र घेताना, खाताना पिताना, शौचाला जाताना, झोपताना, उठताना, बोलताना आणि गप्प बसताना, प्रत्येक वेळी आपण काय करतोय ते जाणत राहायचं. शौचाचाही उल्लेख आहे, म्हणजे सरावाच्या बाहेर काहीच ठेवलेलं नाही. मला स्वतःला यातलं 'बोलताना' सगळ्यात कठीण वाटतं, कारण श्वास बघताना आपण एकटे असतो आणि बोलताना समोर माणूस असतो, त्याचा चेहरा बदलतो, आपला आवाज चढतो आणि तेवढ्यात सगळं निसटून जातं.

२. घरी एकट्याने ध्यान छान होतं, मग दहा लोकांत जाऊन राहायची गरजच काय?

घरी छान होतं याचं एक कारण असं असू शकतं की तिथे तुम्हाला डिस्टर्ब करणारं कुणी नाही. तो सराव खोटा आहे असं अजिबात नाही, पण त्याची परीक्षा झालेली नसते. सजगता ही फक्त आपल्या आतली खाजगी गोष्ट नाही, ती दुसऱ्यांसोबत वाढते आणि दुसऱ्यांसोबतच तपासली जाते, हे मी मनापासून मानतो आणि या पानावरची बरीच उत्तरं त्याच दिशेने जातात.

बुद्धांचा शिष्य आनंद, त्याने एकदा बुद्धांना म्हटलं की चांगले मित्र, कल्याणमित्र, हे या मार्गाचा अर्धा भाग आहेत. बुद्ध म्हणाले असं म्हणू नकोस आनंदा, तो अख्खा मार्गच आहे. दुसरी गोष्ट बांबूवर कसरत करणाऱ्या गुरूची आणि त्याच्या शिष्याची. गुरू म्हणतो तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो तसं नको, तुम्ही तुमचा तोल बघा मी माझा बघतो, तरच आपण दोघं नीट खाली उतरू. बुद्ध शिष्याचं बरोबर म्हणतात पण तिथेच थांबत नाहीत, पुढे सांगतात की स्वतःला जपणारा दुसऱ्याला जपतो आणि दुसऱ्याला जपणारा स्वतःला जपतो. दुसऱ्याला जपायचं कसं, तर सहनशीलतेने, अहिंसेने, मैत्रीने आणि करुणेने. लोक यातला पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात.

३. दिवसाचं टाइमटेबल कसं असतं?

जागेनुसार बदलतं, पण साचा साधारण असा: उजाडायच्या आधी उठणं, वंदना आणि ध्यान, झाडलोट, भिक्षाटन किंवा नाश्ता, थेरवादी (श्रीलंका, म्यानमार, थायलंडकडच्या परंपरेतल्या) विहारात दुपारी बाराच्या आत शेवटचं जेवण, मग काम, अभ्यास, चंक्रमण म्हणजे सावकाश चालत केलेलं ध्यान, संध्याकाळी परत वंदना, ध्यान, कधी धम्मदेसना म्हणजे प्रवचन. नवीन माणसाला पहिले दोन दिवस झोप आणि भूक या दोनच गोष्टी दिसतात. ते नॉर्मल आहे.

४. सलोखा म्हणजे सगळ्यांचं सगळ्या गोष्टीत एकमत असतं का?

नसतं, तशी अपेक्षाही नाही. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तीन भिक्खू. तिघं एका वनात राहत होते. बुद्ध भेटायला गेले आणि विचारलं की दुधात पाणी मिसळावं तसे, एकमेकांकडे प्रेमाने बघत राहता ना? अनुरुद्ध हो म्हणाले. कसं जमतं असं विचारल्यावर त्यांनी काही मोठं तत्त्वज्ञान सांगितलं नाही. ते म्हणाले की माझ्या मनात येतं, आपल्याला जे करायचंय ते बाजूला ठेवून या दोघांना जे करायचंय ते का करू नये, आणि मी तसं करतो, शरीरं आमची वेगळी आहेत पण मन एक आहे. बाकी दोघांनीही अगदी हेच उत्तर दिलं.

मग रोजचं कसं चालतं ते येतं आणि मला ते जास्त आवडतं. भिक्षाटनावरून जो आधी परत येईल तो आसनं मांडतो, पिण्याचं आणि धुण्याचं पाणी ठेवतो. जो शेवटी येतो तो उरलेलं हवं तर खातो नाहीतर टाकून देतो, आसनं आवरतो, जागा झाडतो. पाण्याचा माठ रिकामा ज्याला दिसेल तो भरतो, एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो. आणि दर पाच दिवसांनी तिघं रात्रभर बसून धम्मावर चर्चा करतात. ही पाचव्या रात्रीची गोष्ट लक्षात ठेवा, प्रश्न ९ मध्ये ती लागणार आहे.

५. सलोखा टिकवायला बुद्धांनी काही ठराविक गोष्टी सांगितल्यात का?

हो, सहा. त्यांना सारणीय धम्म म्हणतात. सोबत्यांशी मैत्रीने वागणं, मैत्रीने बोलणं, मैत्रीने विचार करणं, आणि हे तिन्ही समोर असताना आणि पाठीमागेसुद्धा. चौथं, मिळालेलं वाटून घेणं, अगदी भिक्षापात्रात पडलेलंसुद्धा. पाचवं, शील म्हणजे वागण्याचे नियम सगळ्यांचे सारखे असणं. सहावं, दृष्टी सारखी असणं, म्हणजे दुःखातून सुटायच्या वाटेबद्दल मूळ समज एक असणं, चहा किती वाजता व्हावा यावर एकमत असणं नव्हे. 'पाठीमागेसुद्धा' हा शब्द मला सगळ्यात जड वाटतो, कारण समोर गोड बोलणं कुणालाही जमतं.

६. भिक्खूंना २२७ नियम असतात म्हणे, एवढ्या नियमांचा सजगतेशी काय संबंध?

थेरवादात भिक्खूंसाठी २२७ नियम आहेत, भिक्खुणींसाठी ३११. चिनी परंपरेत भिक्खूंचे २५० आणि भिक्खुणींचे ३४८, तिबेटी परंपरेत भिक्खूंचे २५३. २२७ मधले फक्त ४ असे आहेत की मोडले तर माणूस भिक्खूच राहत नाही. ७५ सेखिय नियम हे निव्वळ वागण्याचे आहेत: चीवर नीट नेसा, जेवताना पात्राकडे लक्ष ठेवा, तोंडात घास असताना बोलू नका, भुरके मारत पिऊ नका. वाचताना हे शाळेच्या शिस्तीसारखं वाटतं खरं, पण एकदा जेवताना फक्त 'पात्राकडे लक्ष' एवढंच पाळून बघा, किती वेळा नजर शेजारच्याच्या ताटात जाते ते कळेल, त्याला काय वाढलं, मला का नाही. तिथूनच कुरबुरी सुरू होतात. म्हणजे एकच नियम सजगता पण सांभाळतो आणि शेजाऱ्याशी नातं पण.

दर अमावस्या पौर्णिमेला उपोसथाच्या दिवशी हे सगळे नियम, म्हणजे पातिमोक्ख, मोठ्याने म्हटले जातात आणि त्याआधी जो तो आपली चूक दुसऱ्या भिक्खूला सांगून मोकळा होतो. पाहुण्या उपासकाला एवढं नसतं, साधारण आठ शीलं पाळावी लागतात, श्रामणेराला दहा.

७. झाडू मारणं, भांडी घासणं हा खरंच सराव आहे की फुकटचे कामगार हवेत म्हणून?

प्रश्न रास्त आहे. खरा विहार असेल तर तिथले थेर म्हणजे ज्येष्ठ भंतेसुद्धा झाडू हातात घेताना दिसतात. थायलंडच्या वनविहारांमध्ये रोज पानं झाडणं हे ध्यानाइतकंच ठरलेलं असतं, आणि उद्या परत तेवढीच पानं पडणार असतात. चीनमधले चान (झेनचं चिनी रूप) गुरू बायझांग (मृत्यू ८१४) म्हातारपणीही शेतात काम करायचे. दया येऊन शिष्यांनी त्यांची अवजारं लपवली तर त्यांनी जेवणच सोडलं, म्हणाले ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी अन्न नाही. ही गोष्ट झेन परंपरेत आजही सांगतात.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. झेन मठात भिक्खू शेती करतात आणि थेरवादी भिक्खूला जमीन खणायला, झाडझुडूप तोडायला विनयाने, म्हणजे भिक्खूंच्या नियमसंहितेने, मनाई आहे. त्यामुळे भंते बागेत कुदळ मारत नाहीत म्हणून त्यांना आळशी समजू नका.

८. घंटा वाजली की सगळे एकदम स्तब्ध होतात असा व्हिडिओ बघितला, ते काय असतं?

ती बहुतेक प्लम व्हिलेजची पद्धत. व्हिएतनामी भिक्खू थिक न्यात हान (१९२६ ते २०२२) यांनी १९८२ मध्ये फ्रान्सच्या नैऋत्येला हा समुदाय सुरू केला. तिथे घंटा वाजली, घड्याळाचे टोले पडले, अगदी फोनची रिंग आली तरी जो जे करतोय ते थांबवून श्वासाकडे येतो, मग पुढे चालू. घंटा वाजवणाऱ्याने आधी स्वतः श्वास घ्यायचा असतो. बोलण्याच्या मधोमध थांबावं लागतं ना, तोच फायदा आहे, चिडून उत्तर द्यायला तोंड उघडलेलं असताना तीन श्वास मिळाले तर बऱ्याचदा ते वाक्य बोलावंसंच वाटत नाही.

तिथली अजून एक पद्धत म्हणजे सेकंड बॉडी. प्रत्येकाकडे एक जण सोपवलेला असतो, तो दिसला नाही, आजारी आहे, उदास आहे तर लक्ष ठेवायचं. तुमच्यावर तिसऱ्याच कुणाचं लक्ष असतं, अशी साखळी जाते आणि कुणी सुटत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही शिबिरात हे उद्यापासून सुरू करता येईल, काहीही खर्च नाही.

९. सगळ्यांनी मौन पाळलं तर भांडणाचा प्रश्नच मिटला, नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो म्हणून जरा लांब लिहितो. कोसल देशात काही भिक्खूंनी नेमका हाच विचार केला. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहायचे, तीन महिने भांडण न होता सुखाने जावेत म्हणून एकमेकांशी अजिबात बोलायचं नाही असं ठरवलं. आधी येईल त्याने आसनं मांडायची, नंतर येईल त्याने आवरायची, माठ जड असेल तर हाताने खूण, म्हणजे वरवर बघता अगदी अनुरुद्धांसारखंच. तीन महिने निभावले आणि मोठ्या अभिमानाने बुद्धांना जाऊन सांगितलं. बुद्धांनी शाबासकी दिली नाही. ते म्हणाले हे तर जनावरांसारखं एकत्र राहिले आणि वर म्हणतात सुखात राहिलो. असं मूकव्रत घ्यायला त्यांनी मनाई केली.

फरक कुठे पडला? अनुरुद्ध आणि सोबती कामापुरते गप्प असायचे पण पाचव्या रात्री बसून बोलायचे. या भिक्खूंनी भांडणाच्या भीतीने बोलण्याचा रस्ताच बंद केला. ध्यानशिबिरातलं ठराविक दिवसांचं मौन किंवा रात्रीच्या वंदनेपासून सकाळपर्यंतचं मौन वेगळं, ते मन स्थिर व्हायला असतं, त्याला मुदत असते आणि गुरूशी बोलायची सोय असते. पण एखाद्याशी पटत नाही म्हणून 'मी मौनात आहे' असं म्हणणं हा अबोला झाला आणि त्याला सरावाचं नाव देऊ नये.

१०. मग बुद्धांनी त्याऐवजी काय करायला सांगितलं?

पवारणा. मूकव्रतवाल्या त्याच प्रसंगात ती सुरू झाली. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्खू संघासमोर उकिडवा बसून हात जोडून म्हणतो की भंते, माझ्याबद्दल काही दिसलं असेल, ऐकलं असेल किंवा शंका आली असेल तर दया करून मला सांगा, कळलं तर मी सुधारणा करेन. थेरांपासून सुरुवात होते. स्वतः बुद्धांनीही एका पवारणेला संघाला विचारलंय की माझ्या कायेच्या किंवा वाणीच्या वागण्यात तुम्हाला काही खटकतं का, तेव्हा त्यांचे ज्येष्ठ शिष्य सारिपुत्त उठून म्हणाले की नाही भगवान, आणि मग त्यांनी स्वतःबद्दल तोच प्रश्न बुद्धांना विचारला. तीन महिने एका छपराखाली राहून झाल्यावर हे विचारायला किती धैर्य लागत असेल याचा विचार करा.

११. दुसऱ्याची चूक दिसली तर सांगायची की स्वतःपुरतं बघायचं?

सांगायची, पण पाच गोष्टी स्वतःशी तपासून: वेळ योग्य आहे का, जे सांगतोय ते खरं आहे का, सौम्य शब्दांत सांगतोय का, त्याच्या भल्याचं आहे का, आणि मनात मैत्री आहे की राग. पाचवी अट नापास झाली तर थोडं थांबा. विनयात तर सांगायच्या आधी समोरच्याची परवानगी घ्यायची पद्धत आहे, 'आयुष्मान, मला बोलायचंय, बोलू का' अशी. आणि ज्याची चूक आहे त्यालाच सांगा. याचं त्याला आणि त्याचं याला सांगून फूट पाडणं हा भिक्खूसाठी वेगळा दोष आहे, टोचून अपमान करणं हाही.

१२. मला कुणी चूक दाखवली आणि मला प्रचंड राग आला तर?

येऊ दे, राग आला म्हणजे सराव वाया गेला असं नाही. शरीरात कुठे जाणवतोय ते बघा, छाती, जबडा, कान. तिथल्या तिथे स्वतःची बाजू मांडायला लागू नका. 'ऐकलं, विचार करून बोलतो' एवढं म्हटलं तरी चालतं. खरं असेल तर मान्य करायचं, नसेल तर दुसऱ्या दिवशी शांतपणे तसं सांगायचं, ऐकून घेतलं म्हणजे कबूल केलं असं होत नाही. मात्र 'मला कुणी काही सांगायचं नाही, मीही कुणाला सांगणार नाही' असा पवित्रा घेणं भिक्खूसाठी गंभीर दोषांत येतं. तीनदा समजावूनही हेका सोडला नाही तर तो संघादिसेस नावाच्या १३ दोषांपैकी एक होतो, चार पाराजिकांच्या (मोडले तर माणूस भिक्खूच राहत नाही, ते प्रश्न ६ मधले चार) खालोखालचा.

१३. एक जण आहे, काही केलं तरी मला तो सहनच होत नाही. घोरतो, सारखा बोलतो, काम टाळतो.

असा एक जण प्रत्येक ठिकाणी असतो, आणि तुम्हीही कुणासाठी तरी तो असू शकता. दोन गोष्टी वेगळ्या करा. घोरणं ही व्यवस्थेची अडचण आहे, खोली बदलून मागा, त्यात मैत्रीभावनेची परीक्षा बघत बसू नका, झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी कुणाचंच ध्यान होत नाही. काम टाळतो ही सांगायची गोष्ट आहे, प्रश्न ११ बघा. आणि 'सहन होत नाही' हे जे उरतं ते तुमचं आहे, तिथे बसून बघायचं की त्याच्या पावलांचा आवाज आला की आत काय होतं. मैत्रीभावना, म्हणजे दुसऱ्याचं भलं व्हावं असं चिंतायचं ध्यान, करताना थेट त्याच्यापासून सुरुवात करू नका, आधी स्वतःसाठी, मग प्रिय माणसासाठी, मग ओळखीच्या पण तटस्थ माणसासाठी आणि मग त्याच्यासाठी, हा क्रम जुन्या आचार्यांनी विचार करून घातलाय.

१४. बुद्धांच्या काळात तरी संघात भांडणं होत नसतील ना?

झाली, आणि साध्या कारणावरून झाली. कोसंबीला एका धम्म सांगणाऱ्या भिक्खूने शौचकूपातल्या भांड्यात वापरून उरलेलं पाणी तसंच ठेवलं. विनय जाणणाऱ्या दुसऱ्या भिक्खूने हा दोष आहे म्हणून सांगितलं. पहिला लगेच कबूल करायला तयार होता, तर दुसरा म्हणाला मुद्दाम केलं नसेल तर दोष नाही. विषय तिथे संपायला हवा होता. पण दुसऱ्याने नंतर आपल्या शिष्यांना सांगितलं की याला स्वतःचा दोषही कळत नाही, शिष्यांनी जाऊन पहिल्याच्या शिष्यांना ऐकवलं, पहिला म्हणाला आधी दोष नाही म्हणतो आता आहे म्हणतो, हा खोटारडा आहे, आणि बघता बघता अख्खा संघ दोन गटांत फाटला. बुद्धांनी समजावलं तर भिक्खू म्हणाले भगवान तुम्ही शांत राहा, आमचं आम्ही बघतो. शेवटी बुद्ध एकटेच पारिलेय्यक वनात निघून गेले.

मिटलं कसं? कोसंबीच्या उपासकांनी त्या भिक्खूंना नमस्कार करणं आणि भिक्षा देणं बंद केलं, तेव्हा ते श्रावस्तीला बुद्धांकडे गेले. भांडं, पाणी, नियम यातलं काहीच एवढं मोठं नव्हतं, मोठं झालं ते पाठीमागे बोलण्यामुळे. म्हणून प्रश्न ५ मधला तो 'पाठीमागेसुद्धा'.

१५. भांडण झालंच तर ते मिटवायची काही अधिकृत पद्धत आहे का?

आहे, सात उपाय आहेत आणि २२७ नियमांतले शेवटचे सात तेच. पहिला उपाय म्हणजे समोरासमोर, दोन्ही पक्ष हजर, कुणाच्याही पाठीमागे निकाल नाही. अगदीच सुटत नसेल तर शलाका म्हणजे काड्या वाटून बहुमत. सातवा मला फार शहाणपणाचा वाटतो: तिणवत्थारक, गवताने झाकणं. भांडणाच्या भरात दोन्हीकडून एवढं बोललं गेलंय की एकेक उकरत बसलो तर अजून चिघळेल, अशा वेळी दोन्ही गट एकत्र येतात, प्रत्येक गटातला एक समंजस भिक्खू सगळ्यांच्या वतीने कबुली देतो आणि विषय बंद. गंभीर दोष आणि गृहस्थांशी संबंधित दोष मात्र त्यात झाकले जात नाहीत (प्रश्न २० बघा).

फूट पडलेला संघ परत एक होताना सगळ्यांनी प्रत्यक्ष यायचं असतं. एरवी आजारी भिक्खूला आपली संमती दुसऱ्याकरवी पाठवता येते, या दिवशी ती सवलत नाही, आजारी असला तरी आणायचं. त्या दिवशीचा उपोसथ अमावस्या पौर्णिमा नसली तरी करता येतो.

प्लम व्हिलेजमध्ये भांडणाची वाट न बघता नियमित बसतात. मधे फुलांचं भांडं असतं, ज्याला बोलायचं तो ते स्वतःकडे घेतो, बाकीचे फक्त ऐकतात. आधी समोरच्याचं जे चांगलं दिसलं ते, मग आपल्याकडून जे चुकलं त्याची खंत, मग आपल्याला काय लागलं ते आणि शेवटी मदत मागणं. क्रम महत्त्वाचा, तक्रार तिसरी येते.

१६. निर्णय कोण घेतं, प्रमुख भंते की बहुमत?

विनयाप्रमाणे संघ. महत्त्वाच्या कामात, जसं उपसंपदा (पूर्ण भिक्खू होण्याची दीक्षा), प्रस्ताव एकदा मांडतात आणि मग तीनदा घोषणा करतात, ज्याला मान्य तो गप्प राहतो, ज्याला अमान्य त्याने बोलायचं. एकानेही रास्त हरकत घेतली तर काम थांबतं. बहुमत फक्त वाद मिटवताना, वर सांगितलं तसं. प्रत्यक्षात रोजच्या गोष्टी प्रमुख भंतेच ठरवतात, ते सगळ्यांना विचारून ठरवतात की नाही हे राहायला गेलात की दोन दिवसांत कळतं.

१७. पंचवीस वर्षांच्या भंतेंना साठ वर्षांचे भंते वंदन करतात, हे कसं?

ज्येष्ठता वयावर नसते, उपसंपदा होऊन किती वर्षावास झाले त्यावर असते. जात, शिक्षण, पूर्वीची नोकरी काही मोजत नाहीत. शाक्य राजकुमार संघात आले तेव्हा त्यांनीच बुद्धांना विनंती केली की आमचा न्हावी उपाली याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्यपणाचा अहंकार मोडेल. त्या राजकुमारांत अनुरुद्धही होते, प्रश्न ४ मधलेच.

भिक्खुणींचं विचारलं जातं तर स्पष्ट लिहितो. परंपरेत कितीही ज्येष्ठ भिक्खुणीने आज दीक्षा घेतलेल्या भिक्खूला वंदन करावं असा नियम आहे. पहिल्या भिक्खुणी महापजापती गोतमींनी तेव्हाच ज्येष्ठतेप्रमाणे वंदन व्हावं अशी आनंदाकरवी मागणी केली होती, विनयात नोंद आहे, ती मान्य झाली नाही. मला ती मागणी आजही रास्त वाटते. थेरवादात खंडित झालेला भिक्खुणी संघ १९९६ मध्ये सारनाथ आणि १९९८ मध्ये बोधगया इथल्या उपसंपदांपासून परत उभा राहतोय, सगळ्यांनी अजून तो मान्य केलेला नाही.

१८. गुरू सांगतील ते सगळं ऐकायचंच का?

नवीन भिक्खूला निदान पाच वर्षं गुरूच्या आधाराने राहावं लागतं, त्यांचं पात्र धुणं, पाणी ठेवणं, आजारात सेवा, सगळं आलं. पण गुरूनेही शिष्याची तशीच काळजी घ्यायची असते, आजारात सेवासुद्धा. आणि गुरूच्या मनात चुकीची दृष्टी आली तर शिष्याने ती दूर करावी, हे शिष्याच्या कर्तव्यांतच लिहिलंय. तेव्हा प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. शीलाविरुद्ध काही करायला सांगितलं तर नकार द्यायचा, विषय संपला.

१९. तिथे आजारी पडलो तर? आणि डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, चालेल का?

हगवण लागलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता, कुणी बघत नव्हतं, कारण तो इतरांसाठी काही करत नाही असं त्यांचं म्हणणं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदाने धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर ठेवलं. मग संघाला म्हणाले, भिक्खूंनो तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांना बघितलं नाही तर कोण बघणार, ज्याला माझी सेवा करायचीय त्याने आजाऱ्याची करावी. तेव्हा आजारपण लपवू नका.

गोळ्यांचं: डॉक्टरांना न विचारता एकही बंद करू नका, ध्यानाने बरं वाटेल या आशेवर तर मुळीच नाही. जायच्या आधी विहारात खरं सांगा. लांब मौनशिबिरात काही लोकांना भीती, जुने धक्के, झोप उडणं असा त्रास वाढतो, तसं झालं तर बसण्याचा वेळ कमी करून, चालून, हाताने काम करून आधी गुरूशी बोला. आणि थांबून घरी जाणं यात काही कमीपणा नाही.

२०. विहारातच कुणी गैरवर्तन केलं तर संघाचा सलोखा बिघडू नये म्हणून गप्प बसावं का?

नाही. अजिबात नाही. लैंगिक त्रास, मारहाण, पैशाची अफरातफर, लहान श्रामणेरांना त्रास, यातलं काहीही असेल तर पोलीस, कुटुंब, विश्वासातली माणसं, जिथे सांगायचं तिथे सांगा. विनयसुद्धा इथे लपवालपवीच्या बाजूने नाही, दुसऱ्या भिक्खूचा गंभीर दोष माहीत असून झाकून ठेवणं हा स्वतंत्र दोष आहे. प्रश्न ११ मधल्या पाच अटी रोजच्या चुकांसाठी आहेत, ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला 'आधी मनात मैत्री आण' असं सांगण्यासाठी त्या वापरू नयेत. कुणी तुम्हाला संघभेदाचं (संघात फूट पाडल्याचं) पाप लागेल म्हणून घाबरवलं तर लक्षात ठेवा, बुद्धांच्या संघातल्या देवदत्त नावाच्या भिक्खूने स्वतःचा गट काढला तो संघभेद, खरी तक्रार करणं म्हणजे संघभेद नाही.

२१. सतत लोकांत राहायचं तर एकांत कधी मिळणार?

मिळतो, बुद्ध स्वतः अधूनमधून एकांतात जायचे. थेर नावाच्या एका भिक्खूची गोष्ट आहे, तो एकटाच भिक्षेला जायचा, एकटाच बसायचा आणि एकटं राहण्याची स्तुती करायचा. बुद्ध त्याला म्हणाले हेही एकटं राहणंच आहे, नाही म्हणत नाही, पण यापेक्षा पूर्ण असं एकटेपण आहे: जे होऊन गेलं ते सोडलेलं, जे यायचंय त्याची ओढ नाही, आणि आत्ताच्या गोष्टींतली आसक्ती आवरलेली. ते गर्दीतही जमतं. ज्याला खरंच शांतता हवीय त्याने गुरूला सांगून काही दिवस कुटीत राहावं, फक्त माणसांना कंटाळून कुटीत जाऊ नये, कंटाळा सोबत येतो.

२२. दोनतीनच भिक्खू असतील तर उपोसथ, पवारणा कशी करतात?

पातिमोक्ख म्हणायला किमान चार लागतात, संघाच्या पवारणेला पाच. दोघं किंवा तिघं असतील तर पातिमोक्ख न म्हणता एकमेकांना 'मी शुद्ध आहे' असं सांगतात, आणि पाचापेक्षा कमी असतील तर एकमेकांनाच पवारणेचं निमंत्रण देतात. एकटा भिक्खू असेल तर त्याने जागा झाडायची, आसनं मांडायची, पाणी ठेवायचं, दिवा लावायचा आणि कुणी येतंय का वाट बघायची. कुणीच आलं नाही तर 'आज माझा उपोसथ' असा मनाशी निश्चय करायचा.

२३. पाहुणा म्हणून मोबाइल ठेवता येतो का? बौद्ध नसलो तर?

मोबाइल बहुतेक ठिकाणी जमा करतात किंवा बंद ठेवायला सांगतात, घरी एक इमर्जन्सी नंबर देऊन जा. बौद्ध नसलात तरी बऱ्याच विहारांत राहता येतं, शीलं पाळायची तयारी लागते, श्रद्धेचं सर्टिफिकेट कुणी मागत नाही.

२४. परत घरी आल्यावर यातलं काय करता येईल?

सगळं एकदम सुरू करू नका, घरचे वैतागतील. अनुरुद्धांचा माठ घ्या, रिकामं दिसलं की भरायचं, कुणाची पाळी आहे ते विचारायचं नाही. आठवड्यातून एकदा जेवण झाल्यावर सगळ्यांनी फोन बाजूला ठेवून पंधरा मिनिटं बसायचं आणि फक्त चांगलं काय दिसलं ते सांगायचं, तक्रारीची बैठक महिनाभराने. घरात पवारणा करायची असेल तर आधी तुम्ही स्वतः विचारा की माझं काय खटकतं, आणि उत्तर मध्ये न तोडता ऐका. प्रश्न ११ मधल्या पाच अटी घरच्यांना समजावत बसू नका, त्या सांगणाऱ्याने स्वतःला लावायच्या असतात आणि त्या दिवशी तुम्ही ऐकणारे असता.